व्हॉल्व्हच्या पायाखाली एलएम३१७

आमच्या गल्लीत वीस-पंचवीस माग आहेत. दिवसा ते सगळे खटाखट चालू असतात तेव्हा माझ्या दुकानातला मिटर २१४ व्होल्ट दाखवतो. रात्री पाळी सुटली, माग थांबले, की तोच मिटर २४८ वर जाऊन बसतो. मी इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंग करतो, म्हणजे ही चढउतार माझं पोट भरते. जळालेल्या मोटारी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच दारात येतात. पण घरी मी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, एक छोटा अँप्लिफायर बांधलाय, आणि त्याला हीच लाइट वैरीण आहे.

अँप्लिफायर साधाच. दोन्ही बाजूंना एकेक ईएल८४ व्हॉल्व्ह, सिंगल एंडेड (त्या बाजूचा अख्खा आवाज एकाच व्हॉल्व्हवर), ट्रायोड करून (पाच भागांचा व्हॉल्व्ह तीन भागांसारखा) जोडलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर माझ्याच हातचे. ट्रायोडमध्ये जेमतेम दोन वॉट मिळतात, पण घरात तबला-पेटी ऐकायला दोन वॉट पुष्कळ होतात, स्पीकर जरा हलक्या हाताने वाजणारा असला म्हणजे झालं.

पहिली दोन वर्षं कॅथोडला, म्हणजे व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला, २७० ओहमचा रेझिस्टर होता. व्हॉल्व्हमधून करंट वाहतो, रेझिस्टरवर व्होल्ट पडतात, कॅथोड जमिनीपेक्षा (सर्किटच्या शून्य व्होल्टपेक्षा) नऊएक व्होल्ट वर उचलला जातो. ग्रिड, म्हणजे गाणं जिच्यावर येतं ती मधली जाळी, जमिनीवरच असते, म्हणून ती कॅथोडच्या मानाने उणे होते. झाला बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरणारे उणे व्होल्ट. वाईट काहीच नाही यात. करंट वाढला की कॅथोड आणखी वर जातो आणि व्हॉल्व्हला आपोआप लगाम बसतो. फक्त हा लगाम सैल असतो. दिवसा ३२ मिलीअँपियर, रात्री ३७. रेडिओतून काढलेला बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) जुना व्हॉल्व्ह लावला तर त्याच रेझिस्टरवर २७. म्हणजे डावीकडे नवा आणि उजवीकडे जुना व्हॉल्व्ह असला तर दोन बाजूंची दोन गावं.

पॉलिटेक्निकला जाणारी माझी मुलगी एके दिवशी बाजूला बसून हे आकडे वहीत लिहून देत होती. म्हणाली, "पप्पा, करंटच बांधून टाका की. आम्ही एलईडीच्या पट्टीला एलएम३१७ लावतो तसा." मी म्हटलं, अगं ती तीन पायांची रेग्युलेटर चिप, चाळीस व्होल्टच्या आतल्या कामाची, इथं अडीचशेच्या वर आहेत. तिने पेन्सिलने कॅथोडवर गोल काढला: "इथं तर नऊच आहेत ना?"

खरंच होतं. अडीचशेच्या वरचे व्होल्ट प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या टोकाला. कॅथोडखाली बसणाऱ्या माणसाला वरच्या मजल्यावरचं काहीच दिसत नाही.

तर आता जोडणी. एलएम३१७ एकच काम करते: आपल्या आउट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांत १.२५ व्होल्ट धरून ठेवते. त्या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर टाकला की त्यातून वाहणारा करंट ठरून जातो, कारण १.२५ भागिले ओहम. मला ३५ च्या आसपास हवे होते. ३३ ओहम आणि २.२ ओहम एकापुढे एक लावले, ३५.२ झाले, म्हणजे ३५.५ मिलीअँपियर. रेझिस्टरवर ०.०५ वॉटसुद्धा पडत नाही, पाव वॉटचा चालतो. चिपच्या १.२५ मध्ये थोडं इकडेतिकडे असतं, १.२० ते १.३० काहीही निघू शकतं, तेव्हा दोन्ही बाजू अगदी जुळायला हव्या असतील तर चारपाच चिपा आणून त्यातल्या सारख्या निवडा. चहा-वड्याच्या पैशात येतात.

चिपवरची अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय अ‍ॅडजस्ट, मधला आउट, उजवा इन. ईएल८४ चा कॅथोड म्हणजे तीन नंबरची पिन. तीन नंबरवरून वायर थेट चिपच्या उजव्या पायाला. मधल्या पायावरून ३५.२ ओहम डाव्या पायाला. आणि डावा पाय जमिनीला. ही जमीन म्हणजे पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरचा मायनस जिथे बसतो तीच. चॅसीचा हाताला लागेल तो कोपरा चालणार नाही. रेझिस्टर चिपच्या पायांवरच सोल्डर करा, लांब वायर काढून दुसरीकडे नेऊ नका. लांब पाय ठेवले तर चिप स्वतःच गुणगुणायला लागते आणि तुम्ही दोष ट्रान्सफॉर्मरला देत बसता.

एका व्हॉल्व्हला एक चिप. दोन्ही कॅथोड एकत्र करून ७१ मिलीअँपियरची एकच चिप लावू नका. बेरीज तेवढी बांधली जाते, वाटणी नाही. जोरकस व्हॉल्व्ह जास्त ओढतो आणि दुसरा उपाशी राहतो.

बाकीची जोडणी जुनीच: सात (प्लेट) आणि नऊ (स्क्रीन, म्हणजे दुसरी जाळी) नंबरमध्ये १०० ओहम, म्हणजे ट्रायोड, दोन नंबरला (ग्रिड) १ किलोओहमचा ग्रिड स्टॉपर, ग्रिडवरून जमिनीला ३३० किलोओहम. चार-पाचला हीटर.

आता कपॅसिटर. यावर थोडं थांबतो, कारण माझ्या ओळखीचा प्रत्येक जण इथं एकदा तरी आपटलाय. मीही.

जुन्या रेझिस्टरला समांतर एक कपॅसिटर असायचा. तो काढला तर आवाज थोडा कमी व्हायचा, अँप्लिफायर वाजत राहायचा. म्हणून अनेकांच्या डोक्यात बसलंय की तो कपॅसिटर म्हणजे हौस. चिप लावल्यावर तसं राहत नाही. चिपला गाणं आणि बायस यातला फरक कळत नाही. करंट बदलू द्यायचा नाही एवढंच तिला ठाऊक. गाणं म्हणजेच करंटचं हलणं. तेव्हा त्या हलणाऱ्या भागाला चिपच्या बाजूने पळवाट द्यावीच लागते, आणि ती पळवाट म्हणजे कपॅसिटर. मी दुसऱ्या बाजूला तो लावायचाच विसरलो होतो. चालू केलं तर डावीकडून भरघोस आवाज आणि उजवीकडून डब्यात माशी अडकल्यासारखं, नुसतं चरचरणारं वरचं टोक. वरचं टोक तरी का येतं? कारण वरच्या फ्रीक्वेन्सीला चिपची पकड सैल पडते. अर्धा तास मी ट्रान्सफॉर्मरची तारच तपासत होतो.

मी ४७० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा लावतो. प्लस तीन नंबरच्या पिनला, मायनस जमिनीला. ट्रायोड ईएल८४ च्या कॅथोडकडून बघितलं तर, ३.५ किलोओहमचा ट्रान्सफॉर्मर धरून, पावणेतीनशे ओहमच्या आसपास दिसतात. तेवढ्याला ४७० मायक्रोफॅरड म्हणजे खालची हद्द साधारण १.२ हर्ट्झ. तबल्यातल्या बायाँचा घुमारा त्याच्या कितीतरी वर असतो. हजार लावला तरी बिघडत नाही, पण त्यात शहाणपणही नाही. ६३ व्होल्टचा का? चालताना नऊ-दहाच असतात, पण चिपचा एखादा डाख सुटला तर करंट बंद होतो आणि कॅथोड वर चढत जातो, व्हॉल्व्ह बंद पडेपर्यंत. पंधराच्या पुढे सहज जातो. १६ व्होल्टचा कपॅसिटर तेव्हा टोपी उडवतो.

काही जण त्या कपॅसिटरला समांतर महागडा फिल्मचा लावायला सांगतात. मी लावून पाहिला. मला काही ऐकू आलं नाही. मुलीला आलं म्हणे, पण तिला तो लावलाय हे माहीत होतं.

चिप बसवताना दुसरी गंमत. तिच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून मधल्या पायाला, आउटला, जोडलेला असतो. बरेच जण समजतात तो जमिनीला असेल. मीही तेच समजलो आणि थंड राहावी म्हणून सरळ चॅसीला बोल्टने आवळली. म्हणजे आउट जमिनीला, अ‍ॅडजस्टही जमिनीला, मधला ३५ ओहमचा रेझिस्टर असून नसल्यासारखा. चिपला वाटलं आपले १.२५ व्होल्ट कुठंच नाहीत, म्हणून तिने दार सताड उघडलं. उजवीकडचा व्हॉल्व्ह तापला, दहा-पंधरा सेकंदांत मुलगी ओरडली, "पप्पा, आतला पत्रा लाल झालाय!" स्विच पाडायच्या आधी मी मिटरचं टोक तेवढं लावलं, सवयच. कॅथोडला १.८ व्होल्ट. म्हणजे ग्रिडचा लगाम जवळपास सुटलेला.

तेव्हापासून अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकची वॉशर लावल्याशिवाय चिप चॅसीला टेकत नाही, आणि आवळल्यावर चॅसी ते मधला पाय अशी मिटरची बीप घेतो. बीप आली तर उघडा आणि परत बसवा. खरं तर ईएल८४ साठी हीटसिंक लागतच नाही. चिपवर आठ व्होल्ट, ३५ मिलीअँपियर, म्हणजे पाव वॉटच्या थोडं वर. टॅगस्ट्रिपवर हवेत उभी ठेवली तरी नुसती कोमट राहते. आता मी तशीच ठेवतो. जिथं चॅसी नाही तिथं शॉर्टही नाही.

व्हॉल्व्हला जोडण्याआधी चिप टेबलावर तपासा. जुना १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्या. त्याचा प्लस मिटरमधून (मिलीअँपियरवर लावून) चिपच्या उजव्या पायाला, डावा पाय अ‍ॅडॉप्टरच्या मायनसला. मिटरवर ३५ च्या आगेमागे दिसलं पाहिजे. शंभरच्या पुढे गेलं तर पाय उलटे लागलेत. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि याने एक व्हॉल्व्ह वाचतो.

रेझिस्टरऐवजी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) लावून करंट फिरवायचा मोह होतो. फिरवा, पण त्याच्यापुढे २७ ओहमचा पक्का रेझिस्टर टाका, म्हणजे प्रीसेट शून्यावर गेला तरी ४६-४८ मिलीअँपियरच्या वर जाणार नाही.

पहिल्यांदा लाइट देताना आम्ही रिवाइंडिंगवाले जे करतो तेच करा: सिरीजमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब, एलईडीचा नव्हे. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, उघडूनच बघा. मग बल्ब काढा, थेट जोडा, आणि मिटरचं मायनस टोक क्लिपने जमिनीला अडकवून ठेवा. दुसरा हात खिशात. ही माझी अट आहे, मुलीलाही लागू. आत २६५ व्होल्ट डीसी आहे आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. मी १०० मायक्रोफॅरडवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर, म्हणजे हा साठा रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा लावलाय. बंद केल्यावर दोन मिनिटं थांबायचं, मिटरवर पाच व्होल्टच्या खाली दिसलं की मगच हात घालायचा. दिवसभर तारा चाळणारे माझ्यासारखेच यात जास्त बेफिकीर असतात.

आता प्रत्येक चिपच्या मधल्या आणि डाव्या पायामध्ये मोजा. १.२५ दिसलं की करंट ठरल्याप्रमाणे वाहतोय. मग तीन नंबरवर मोजा. नवा व्हॉल्व्ह, मेन्स २३०: माझ्याकडे ९.४.

हा दुसरा आकडा माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ आहे. रेझिस्टर होता तेव्हा व्हॉल्व्ह म्हातारा झाला की करंट कमी व्हायचा. आता करंट हलत नाही. म्हातारा व्हॉल्व्ह तेवढाच करंट द्यायला कमी लगाम मागतो, म्हणून कॅथोड खाली येतो. तोच बीईएलचा जुना व्हॉल्व्ह, जो रेझिस्टरवर २७ द्यायचा, चिपवर ३५.५ देतो आणि कॅथोडला ५.८ दाखवतो. व्हॉल्व्ह टेस्टर आता कुणाच्या दुकानात राहिलेत? इथं तो फुकट मिळतो. मात्र यात एक मेख आहे. कॅथोड ५.८ वर म्हणजे ग्रिडलाही तेवढंच वर जायला वाव, त्यापुढे ती करंट ओढू लागते आणि आवाज फाटतो. म्हणून असल्या व्हॉल्व्हकडून दोन वॉट येत नाहीत, त्याच्या निम्म्याहूनही कमी येतात. पाचच्या खाली गेला की मी काढून ठेवतो. चिपलाही जगायला तीनएक व्होल्ट लागतात, ते वेगळंच.

नोंद घेताना मेन्स किती आहे ते आधी बघा. लाइट चढली की प्लेटचे व्होल्ट चढतात आणि कॅथोडही एखाददुसरा व्होल्ट हलतो. माझ्याकडे तोच व्हॉल्व्ह दुपारी ८.५ आणि रात्री १०.४ दाखवतो. मी सकाळी माग सुरू व्हायच्या आत, मेन्स २३० च्या आसपास असताना घेतो.

लाइटचा त्रास मग पूर्ण गेला का? नाही. अर्धा गेला. व्हॉल्व्हवरची उष्णता म्हणजे व्होल्ट गुणिले करंट. चिप गुणाकारातला एक आकडा बांधते, दुसरा लाइटबरोबर हलतोच. आधी दिवसा ७.३ वॉट आणि रात्री ९.८ असायची, आता ८.१ आणि ९.४. हीटरचे व्होल्टही मेन्सबरोबरच हलतात, त्याला चिप काही करू शकत नाही. म्हणून ईएल८४ ची मर्यादा १२ वॉट असली तरी ठरवताना नऊच्या आसपास ठरवा. पेंटोड करून (पाचही भाग वेगळे वापरून) २५० व्होल्ट आणि ४८ मिलीअँपियर, हा जो पुस्तकातला आकडा सगळे डोळे मिटून उचलतात, तो बरोबर बारा वॉटचा आहे. आमच्या गल्लीत तो रात्री बाराच्या बराच पुढे जातो, चिप असो की नसो. पेंटोडच करायचा तर ४० वर या, आणि हे लक्षात ठेवा की चिप मोजते तो कॅथोडचा करंट, त्यात स्क्रीनचेही चारपाच मिलीअँपियर आले.

ट्रान्सफॉर्मर स्वतः बांधणाऱ्यांसाठी आणखी एक. सिंगल एंडेडमध्ये प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, म्हणून सगळे ई एका बाजूला आणि आय दुसऱ्या बाजूला लावून मध्ये लेदरॉइडचा कागद सरकवावा लागतो. कागद पातळ तर डीसीने कोअर भरून जातो. जाड तर इंडक्टन्स पडतो आणि खालचा सूर पोकळ येतो. पूर्वी मी ४० मिलीअँपियर धरून जाड कागद टाकायचो, न जाणो कुठला व्हॉल्व्ह येईल. आता करंट ३५.५ च आहे हे पक्कं ठाऊक, म्हणून एक थर काढला. बायाँ ऐकून आमच्या घरात या एकाच बदलावर दुमत झालं नाही.

मोठ्या आवाजात काय होतं तेही सांगतो. ट्रायोडमध्ये जोर आला की सरासरी करंट स्वतःहून दोनेक मिलीअँपियर वाढायला बघतो. चिप वाढू देत नाही, त्यामुळे कॅथोड अर्धा व्होल्ट वर सरकतो आणि आवाज ओसरला की सेकंदभरात परत येतो. कानाला कळत नाही. पण कायम फाटेपर्यंत वाजवणारे असाल, गिटारचा अँप्लिफायर करत असाल, तर रेझिस्टरच बरा. तिथं बायसचं हे सरकणं वाजवण्याच्या मध्ये येतं.

हीच युक्ती ३००बी या मोठ्या व्हॉल्व्हला लावायला जाऊ नका, निदान अशीच्या अशी. त्याला साठ-सत्तर व्होल्टचा बायस लागतो आणि एलएम३१७ इन ते आउट चाळीसच्या वर सोसत नाही. तिथं कॅथोड आणि चिपच्या मध्ये वॉटेज मोठा असलेला रेझिस्टर टाकून बहुतेक व्होल्ट त्याच्यावर पाडा: ६० मिलीअँपियरला ७५० ओहम म्हणजे ४५ व्होल्ट, चिपकडे उरतात पंधरा ते पंचवीस. कपॅसिटर मात्र दोघांच्या वरून, थेट जमिनीला, आणि शंभर व्होल्टचा. किंवा १२५ व्होल्ट सोसणारी टीएल७८३ वापरा, तिला हीटसिंक हवाच. उलट टोकाला ईसीसी८३ हा छोटा व्हॉल्व्ह: एकदीड व्होल्टचा बायस आणि एक मिलीअँपियर करंट. एवढ्यात एलएम३१७ जागीच होत नाही. तिथं रेझिस्टर राहू द्या.

चॅसीच्या मागे मी मास्किंग टेपची पट्टी चिकटवली आहे, त्यावर तारीख, मेन्स आणि दोन्ही कॅथोडचे व्होल्ट लिहितो. सध्या डावीकडे ९.३. उजवीकडे ८.१, म्हणजे लाल झालेला तोच.